मीराबाई आजींचं बाहेरचं तापमान

मीराबाई आजी कायम दमलेल्या असायच्या. काम करून नाही, बसून. खडकीला एका दवाखान्यात आया म्हणून सगळं आयुष्य काढलं, नाइट ड्युट्या, बाळंतिणी, बेडपॅन, आणि जातायेता चालत, रिक्षा कधी नाही. आणि आता जर्मनीत, ब्राउनश्वाइगला मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सोफ्यावर. मी त्यांच्याकडेच एक खोली भाड्याने घेऊन राहायचे, युनिव्हर्सिटीत शिकत होते. त्यांचा मुलगा अश्वजितदादा इथेच एका इन्स्टिट्यूटमध्ये आणि वहिनी वोल्फ्सबुर्गला नोकरीला, दोघं अंधारात जायचे, अंधारात यायचे, जेवतानाच डोळे मिटायचे. दुपारी घरात आम्ही दोघीच.

आजींचं इथे स्वतःचं असं एकच होतं, दुपारचं एकटीने बाहेर पडणं. कोपऱ्यावरची बेकरी, पुढे पार्क, बदकं, परत घरी. जर्मन अजिबात येत नव्हतं, पण बेकरीतली बाई काहीतरी बडबडायची आणि आजी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, एवढंच म्हणायच्या, तेवढ्यावर दोघींचं मस्त चाललं होतं.

मग २००५ च्या डिसेंबरात त्या ग्लाटआईसवर घसरल्या. तो बर्फ दिसतसुद्धा नाही हो, रस्ता नुसता ओला वाटतो. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर दादाने नियम काढला, बाहेर दोन डिग्रीच्या खाली असेल तर आईने एकटीने जायचं नाही. आणि ते कळावं म्हणून सुपरमार्केटमधून वायरलेस हवामानाचं घड्याळ आणलं. घड्याळ हॉलमध्ये ठेवायचं, त्याचा छोटा पांढरा सेन्सर बाल्कनीत टांगायचा. सेन्सर बाहेरचं तापमान पाठवणार, घड्याळ दाखवणार, आजी बघणार.

घड्याळ दाखवत होतं डॅश डॅश.

"म्हणजे किती रे?" आजींनी विचारलं.

"म्हणजे त्याला माहीत नाही."

"मग मी जाऊ?"

"माहीत नाही म्हणजे नाही जायचं, आई."

दादाने रविवारी खटपट केली आणि कंटाळून सोडून दिलं. खरंच थकला होता तो. आठवडाभर आजी त्या डॅशांसमोर बसून राहिल्या. मला बघवेना. एका दुपारी त्या म्हणाल्या, "उत्कर्षा, तू इंजिनिअर होणार ना? मग एवढं कर की गं." झालं, मी क्लास बुडवला आणि बसले.

पुस्तिकेत लिहिलेलं, आधी सेन्सरमध्ये बॅटऱ्या घाला, मग घड्याळात, मग थोडा वेळ कुठलंही बटण दाबू नका. दाबू नका! मी लगेच दाबलं. सगळं लुकलुकायला लागलं. परत बॅटऱ्या काढल्या, परत घातल्या, आणि हात मांडीखाली धरून बसले. यथावकाश वेळ मात्र आपोआप बरोबर लागली.

"ही वेळ कुठून येते?"

"फ्रँकफर्टजवळून, आजी. रेडिओवरून."

"तेवढ्या लांबून वेळ येते, आणि बाल्कनीतून आकडा येईना? काय माल घेतलाय याने!"

टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले तर बाहेरच्या खान्यात आकडा आला. बावीस! मी ओरडलेच. "दे, मी ठेवते बाहेर, तुझ्या पायात काही नाही," म्हणत आजी सेन्सर घेऊन बाल्कनीत गेल्या, आणि थोड्या वेळात परत डॅश. आत आणला, बावीस. आजी बाहेर ठेवून आल्या, डॅश. नव्या बॅटऱ्या घातल्या, तरी डॅश. मला रडायलाच आलं, कुणी आपल्याला मुद्दाम छळतंय असं वाटायला लागलं. शेवटी मोज्यांवरच बाल्कनीत गेले. हुकाला सेन्सर नव्हताच.

"आजी, कुठे ठेवलात?"

"आहे की तिथेच. डब्यात."

चिवड्याचा स्टीलचा डबा, झाकण घट्ट लावलेलं, आणि आत रुमालात गुंडाळलेला सेन्सर.

"अहो आजी, स्टीलमधून त्याचा सिग्नलच बाहेर येत नाही!"

"मग भिजू द्यायचं होतं का? नव्याकोऱ्या वस्तूला कोण असं उघड्यावर टांगतं? अश्वजितची पाठ वळली की मीच उचलून ठेवायचे."

मी उंबऱ्यातच बसून हसले, पाय बधिर होईपर्यंत. मग सेन्सर हुकाला लावला, वरच्या बाल्कनीचा आडोसा होताच. दोघी घड्याळासमोर उभ्या राहिलो. आकडा आला. वजा चार.

आजींनी वाकून परत एकदा बघितलं. "डॅश बरे होते गं," म्हणाल्या. "निदान वाटायचं, असेल पाच."

आता रोज दुपारी दादाचा फोन, किती दाखवतंय? वजा तीन. वजा सहा. मग नको जाऊस. मला फार वाईट वाटायचं, सगळं मीच चालू करून दिलं होतं ना. म्हटलं, "सांगा ना पाच आहे, त्याला काय दिसतंय तिथून?"

"रोज सकाळी पंचशील म्हणते मी. आणि दुपारी पोटच्या पोराला खोटं सांगू? या प्लास्टिकच्या तुकड्यापायी?" एवढं बोलूनही त्या दमल्या आणि डोळे मिटून पडल्या.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. फोन वाजला. आजींनी आधीच कोट घातलेला मी पाहिला.

"वजा एक आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "आणि मी निघालेय. नाही, विचारत नाहीये, सांगतेय. अरे, खाली बर्फावर खडी टाकलीय, पाय घसरत नाही, शेजारची म्हातारी काठी घेऊन गेली आत्ताच." दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता, चिडका नाही, थकलेला. आई, मला दिवसभर तुझीच काळजी असते गं.

"कळतं रे," आजी हळू म्हणाल्या. "पण तुझी काळजी कमी व्हावी म्हणून मी किती दिवस घरात बसून राहू?"

मग दादाने काहीतरी विचारलं.

"ते जड बूट. हो, तूच आणलेले." परत ऐकलं. "आल्यावर करते फोन. लक्षात राहिलं तर."

फोन ठेवला, भिंतीला टेकून बूट चढवले, मनगट दुखत होतं तरी मला हात लावू दिला नाही, आणि कठडा धरून एकेक पायरी खाली गेल्या.