अंजनाच्या घरातला समुद्र

माण तालुक्यातल्या एका कोरड्या गावात अंजनानं घरात समुद्र पाळलाय, ही गोष्ट दहिवडीच्या बाजारात लोक हसत हसत सांगतात. हसू द्यात. हसणाऱ्यांतला कोण त्या काचेसमोर घटकाभर बसलाय, ते आधी विचारा.

समुद्र म्हणजे काचेची टाकी. बाजेएवढी लांब, पुढच्या खोलीत विटांच्या ओट्यावर ठेवलेली. आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळाचे तुकडे आणि त्यांच्यामधून ऐटीत फिरणारा एक एंजलफिश. तळहातात मावेल एवढाच, पण पुढून हळदीत आणि मागून निळीत बुडवून काढल्यासारखा.

अंजनाचा नवरा तानाजी मुंबईत, श्रीमंतांच्या घरच्या माशांच्या टाक्या सांभाळणाऱ्या दुकानात कामाला. एका मालकाच्या टाकीत हा मासा प्रवाळ कुरतडायला लागला. मालक म्हणाला, मासा काढा, कुरतडलेलं प्रवाळही काढा, सगळी शोभा गेली. तानाजीला काही ते टाकवेना. जुनी टाकी, पंप, पाणी शुद्ध करायचं यंत्र, ड्रममधलं खारं पाणी, मासा आणि प्रवाळ असं लटांबर टेंपोत घालून तो गावी आला. टाकी उभी करून, पाण्याची सगळी उस्तवार बायकोला शिकवून परत निघाला. जाताना म्हणाला, "दोगं एकत्र टिकायचं न्हाईत. मासा प्रवाळ खानारच. जगंल तवर जगंल."

हे अंजनाला सांगायला नको होतं. जमणार नाही म्हटलं की ती पेटते. दिरानं बाईमाणसाचं काम न्हाई म्हटलं, म्हणून चाळिशीत मोटारसायकल शिकलेली बाई ती. शेळ्या तिनं जन्मभर राखल्या होत्या आणि पोट भरलेली शेळी दुसऱ्याच्या पिकात फारसं तोंड घालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तानाजीनं पाठवलेलं खाणं तिनं थोडं थोडं, पण दिवसातून चारदा घालायला सुरुवात केली. मध्ये गरम पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दगडाला बांधून सोडायची. माशानं हळूहळू प्रवाळाचा नाद सोडला. कुरतडलेल्या जागा भरून आल्या. मुंबईच्या मालकाला जे जमलं नाही ते आपल्या घरात झालं, याचा तिला भारी अभिमान वाटला.

मग उन्हाळा आला आणि गाव टँकरवर गेलं.

"आमच्या घशाला कोरड आन् हिच्या माशाला घागर!" शेजारची अख्तरबी टँकरपाशी सगळ्यांदेखत म्हणाली. "खाऱ्या पान्यातल्या माशाला गोडं पानी कशाला लागतंय गं?"

"आमटी आटली की काय हुतंय?" अंजनानं विचारलं. "खारट हुती का न्हाई? मग वरनं मीठ घालतीस का पानी? टाकीतलं पानी उडून जातंय, मीठ खालीच ऱ्हातंय."

"खरं हाय. पर आमटीनं प्वाट तरी भरतंय."

अख्तरबीचंही काही चुकत नव्हतं. तिच्या घरात माणसं जास्त आणि भांडी कमी होती.

पंचायतीतले नानासो हे अंजनाचे भावकीतले दीर. त्यांनी तिथंच निवाडा केला. "पाऊस पडंस्तवर टँकरचं पानी माणसाला आन् जनावराला. मासा ह्यात बसत न्हाई, वैनी. टाकी मोडा, न्हाईतर तुमचं बॅरल निम्मंच भरंल. खारंच पायजे तर मचूळ बोअर हाय की, न्या कितीबी."

लोक हसले. त्या बोअरचा क्षार घरच्या यंत्रातूनही निघत नव्हता; त्या पाण्यानं दोन दिवसांत प्रवाळाचा चुना झाला असता.

"निम्मं तर निम्मं," अंजना म्हणाली आणि बॅरल ढकलत घरी गेली.

तिनं शेळ्यांच्या पाण्याला हात लावला नाही. आपलंच तोडलं. अंघोळ म्हणजे ओलं फडकं अंगावरून फिरवायचं, भांडी राखेनं घासायची, साडी धुवायचं तर नावच नको. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे वाया जायचं ते शेळ्यांपुढं ठेवायची आणि चांगलं तेवढं टाकीत. तरी पाणी पुरेना. काचेवरची पाण्याची रेघ खाली उतरत गेली. प्रवाळ मिटलं. मासा दगडामागं जाऊन बसला आणि पालकाकडं बघेना झाला. अंजना घाबरली. एवढी ती सर्पदंश झालेल्या शेळीपाशीही घाबरली नव्हती.

तानाजीचा फोन आला. "द्यून टाक कुनाला तरी. भावकीशी वैर नगं."

"तुमी आनलासा, आता त्यो माजा हाय. त्याला येकदा टाकलंय. परत न्हाई टाकू द्यायची."

नानासोंच्या मुलाचं, वीरधवलचं लग्न त्याच आठवड्यात होतं. सकाळी अंजना शेळ्या सोडून येत होती, तर मांडवाकडं जाणाऱ्या रस्त्यावर टँकर उभा. गुंडा नावाचा ड्रायव्हर जाड पाईप घेऊन रस्त्यावर पाणी मारत होता. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून. अंजना घरात गेली, घागर घेऊन आली आणि बिनधुतल्या साडीत, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, पाईपच्या तोंडाशी उभी राहिली.

नानासो फेटा सावरत धावत आले. "वैनी, पावनं बगत्यात!"

"बगू द्यात. माणसाला आन् जनावराला म्हनला हुता ना, भावजी? मग ही धूळ कोन लागती तुमची?"

"ह्यो इकतचा टँकर हाय. माजं पानी, मी कशालाबी घालीन!"

"घाला की. मीबी माज्या वाट्याचंच घालत हुते. माजं कुनी निम्मं केलं?"

गुंडानं नानासोंकडं पाहिलं, अंजनाकडं पाहिलं आणि पाईप घागरीत सोडला. तेवढ्यात मागं कळशी आपटल्याचा आवाज झाला. अख्तरबी होती. "मासा-बिसा मला ठावं न्हाई," ती म्हणाली, "पर धुळीपरीस मी बरी." तिच्यामागं आणखी बायका आल्या. टँकर रिता झाला, निम्मा रस्ता कोरडाच राहिला आणि वऱ्हाड धुळीतूनच आलं.

अंजनानं घरी येऊन यंत्रातून काढलेलं पाणी थोडं थोडं टाकीत सोडलं. मासा दगडामागून हलला नाही. एका घागरीनं काय होणार होतं? दोन दिवस निघाले असते.

दुपारी ती लग्नाला गेली. तोंड लपवून घरी बसायचं तिला काहीच कारण दिसत नव्हतं. बायका नाकाला पदर लावून सरकल्या, तशी तिला बसायला ऐसपैस जागा झाली. पंगतीत जिलेबीचा आग्रह यजमानानंच करायचा असतो. नानासो परात घेऊन एकेका पानावर वाढत आले आणि अंजनापाशी थबकले. आजूबाजूचे हात थांबले. तिला गाळून पुढं जावं तर भर मांडवात भावकीतल्या बाईला पानावर उपाशी ठेवल्याचा बोल लागला असता.

अंजनानं पानावर आडवा हात धरला. "जिलेबी मागनं. उद्या माजं बॅरल?"

नानासोंनी पाहुण्यांकडं पाहिलं. मग परातीकडं पाहिलं.

"भरून न्या, वैनी," ते म्हणाले.

"पुरं?"

"पुरं."

अंजनानं हात काढला. "वाढा आता," ती म्हणाली, "आन् दोन वाढा."