शशीताईंचा दुसरा प्रश्न

शशीताई मुलींना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. "पोहे घेणार?" मुलगी म्हणायची, "नको." ताई डिश हातात धरून तशाच उभ्या. "खरंच नको?" बहुतेकदा डिश रिकामी होऊन परत यायची. "पहिलं उत्तर घरच्यांनी पाठ करून घेतलेलं असतं," त्या म्हणत, "दुसरं तिचं स्वतःचं."

कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत आमच्या किशोरी संघटनेचं कार्यालय होतं. खाली दिवसभर ठोकाठोक चाले आणि वर ताई गावोगावच्या मुलींना चारचौघांत बोलायला शिकवत. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या. मी काम मागायला गेले तेव्हा म्हणाल्या, "समाजसेवा करायची असेल तर शहरात मोठमोठ्या संस्था आहेत. इथे फक्त काम असतं." मी राहिले. कौतुक त्या जपून वापरत. एखादीचं भाषण फार छान झालं, तर "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं," एवढंच.

कोमलला मात्र त्या एकदा "शाबास" म्हणाल्याचं मी ऐकलं आहे. मुळशीकडच्या एका खेड्यातली ही सोळा वर्षांची मुलगी. शाळेच्या वेळेला एसटी यावी म्हणून तिने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या आणि एसटी खरोखर सुरू झाली होती. त्या वर्षी आमच्या विभागीय संमेलनाच्या समारोपात, अठरा वर्षांच्या आत लग्न नको, हा ठराव तीच मांडणार होती.

समारोपाच्या दिवशी दुपारची जेवणं उरकत होती, तेव्हा तिचे वडील आणि चुलते सभागृहाच्या दारात आले. वडिलांनी हात जोडले. "म्हातारी लई शिरेस हाय, बाई. नातीचं तोंड बघायचं म्हणती."

ताईंनी कोमलला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"जायचंय तुला?"

कोमलने वडिलांकडे पाहिलं. "जाते, ताई."

तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांची गाडी थांबली. मी ताईंचा दंड धरला. "ताई, पाहुणे आले. स्टेजवर चला, आधीच उशीर झालाय." ताई क्षणभर घुटमळल्या. मग कोमलच्या खांद्यावर हात ठेवून "पोचलीस की फोन कर," म्हणाल्या आणि माझ्याबरोबर वळल्या. दुसरा प्रश्न राहून गेला. ठराव दुसऱ्या मुलीने वाचला. टाळ्या खूप पडल्या.

फोन आला तो तिसऱ्या दिवशी, कोमलच्या मैत्रिणीचा. संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी लग्न लागलं होतं. आजी मांडवात खुर्चीवर बसली होती, चांगली ठणठणीत.

ताई पोलिसांत गेल्या. वडिलांनी मुलीचं वय अठरा दाखवणारा कुठलासा दाखला पुढे केला. मग आम्ही दोघी तिच्या सासरी गेलो. कोमल दाराच्या आत उभी, शेजारी सासू. "खुशीत हाय मी," ती म्हणाली. ताईंनी विचारलं, "खरंच?" तिने खाली मान घातली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

दिवाळीच्या आधी बाळंतपणात कोमल गेली. बाळही गेलं.

पुढच्या संमेलनाच्या समारोपात ताई वार्षिक अहवाल वाचायला उभ्या राहिल्या. कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला. "गेल्या वर्षी याच दिवशी मी एका मुलीला या दारातून जाऊ दिलं," त्या म्हणाल्या. "तिचं नाव कोमल. बाहेर पाहुणे आले होते, म्हणून मला घाई झाली. ती आता नाही." आणि खाली बसल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मी पहिल्या रांगेत होते.

कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "समारोपाला हे कशाला? अहो, मुली उत्साहात घरी जायला हव्यात."

"उत्साहात नाही गेल्या तरी चालेल," ताई म्हणाल्या. "जिवंत राहायला हव्यात." त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि कात्रजला भाचीकडे राहायला गेल्या.

त्यांचं हृदय थकलं होतं. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तेव्हा इतकी वर्षं तोंडाशी येऊन परतलेलं बोलून टाकलं. "ताई, घाई मी केली होती. माझं नाव का नाही घेतलंत?"

"पाहुणे आले असं तू म्हणालीस. ते आलेच होते," त्या म्हणाल्या. "या वयाची बाई मी. कुणी दंड धरला म्हणून वळले, असं सांगू लोकांना?"

मला रडू आलं. त्या पाठीवरून हात फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी तो फिरवला नाही. "तुझं ओझं मी उचललेलं नाही. ते तुझ्यापाशीच आहे. रडून झालं की ऐक. कोमलची धाकटी बहीण आता चौदाची झाली. मला प्रवास झेपत नाही. तू जा."

दोन महिन्यांनी ताई गेल्या. शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले.

मी त्या गावी तीनदा जाऊन आले. दार उघडलं नाही. चौथ्यांदा कोमलच्या आईने उघडलं. ती घरात एकटीच होती. धाकटीचं विचारल्यावर तिने आधी रस्त्यावर नजर टाकली.

"वसतिगृहात घातलीया. शाळेच्या बाईंनी नेली. कुठं ते तिच्या बापालाबी ठावं न्हाई."

"मला सांगाल? मी जाऊन भेटेन तिला."

"तुमाला तर न्हाईच सांगायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "थोरलीला तुमच्याच भरवशावर धाडली हुती."

"बरं केलंत," मी म्हणाले. तिने दार लावून घेतलं.