गेर्बर बाई

पवार बाई जर्मन शिकवायला व्याकरणापासून नाही, आडनावांपासून सुरुवात करायच्या. "म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. भिवंडी जर्मनीत असती, तर निम्मं गाव वेबर झालं असतं!"

बाई कॉलेजात ग्रंथपाल. नव्वदच्या सुमारास आमच्या कारखान्यात जर्मन लूम आले, तेव्हा शेठनीच वरच्या खोलीत त्यांचा वर्ग सुरू केला. आम्ही फिटर शिफ्ट संपली की तिथे बसायचो. शेठ बाईंना फार मान द्यायचे. बाईंचा चहा शेठच्या घरून यायचा.

मशीन बसवायला जर्मन इंजिनिअर आला. नाव गेर्बर. जेवताना शेठनी कौतुकाने विचारलं, "बाई, यांच्या आडनावाचा अर्थ काय?"

"कातडी कमावणारा."

शेठचा घास हातातच राहिला. "हळू बोला हो, पाहुण्याचा अपमान होईल."

पाहुण्याने काय झालं ते विचारलं. बाईंनी जर्मनमध्ये सांगितलं, तसा तो मोठ्याने हसला. त्याच्या पूर्वजांचा तोच धंदा होता म्हणे. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग शेठकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "माझे आजोबाही कातडी कमावायचे. तिकडे जन्मले असते, तर मीही गेर्बरच."

शेठ ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. वॉचमन म्हणाला, "सेठ बोले, क्लास बंद." मी हबकलोच. बाई मात्र जिन्यात शांत उभ्या होत्या.

"तुम्हाला धक्का नाही बसला?" मी विचारलं.

"बसला ना, काल. तो माणूस हसला तेव्हा. पवार आडनावाच्या आड मी आयुष्यभर जपून बोलले रे. गाव विचारलं की विषय बदलायचे. आणि तो हसत हसत सांगतो!"

वर्ग खारबावला, त्यांच्या घरी भरेल, असं त्यांनी तिथेच सांगितलं. रविवारी मी गेलो. बाईंनी ओटीवर सगळ्यांसाठी चटया अंथरल्या होत्या. आम्ही तिघेच आलो. न आलेल्यांत शेठच्या घरचं कुणीच नव्हतं. सगळे माझ्याच शिफ्टचे, माझ्याच डब्यात जेवणारे.

मला मान वर करवेना. बाईंनी रिकाम्या चटया गुंडाळून भिंतीशी ठेवल्या आणि खडू उचलला.

"हं. श्मिट. म्हणजे लोहार. म्हणा."