उघडी पिशवी

चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी पारध्यांच्या पालावरच का जातात, याचा अभ्यास माझ्या बहिणीने आयुष्यभर केला. परवा तिच्या शोकसभेला अशाच एका पालावरची शेवंताबाई आली. दारातच तिने आपली पिशवी उघडून जमिनीवर ठेवली आणि बाजूला उभी राहिली. आत झेंडूची फुले होती.

"बाई, पिशवी तपासायला कुणी मागितली का?" मी म्हणालो.

"मागायची वाट बघितली की शिव्या बसत्यात, दादा."

ताईचे ग्रंथ पुष्कळांनी वाचले. ही सवय मात्र तशीच राहिली, कारण ती शेवंताबाईची नव्हेच.

व्यासपीठावर ग्रंथांची स्तुती करून एक निवृत्त पोलीस अधिकारी खाली उतरले. दाराशी ठेवलेल्या ताईच्या फोटोला फुले वाहायला त्यांनी न विचारता त्या पिशवीत हात घातला.

मी पिशवी उचलली आणि त्यांच्यादेखत बंद केली.