उजव्या खिडकीतला हिरवा रंग

ठाण्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही अकरा बायका कम्प्युटरचे मॉनिटर जोडायचो. मी टेस्टिंगला होते. आयटीआयचं सर्टिफिकेट असलेली सगळ्यांत मी एकटीच. नव्वदनंतरची ती वर्षं. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत कुणी कम्प्युटर धड पाहिलाही नव्हता, आणि आपली मुलगी तो उघडून नीट करते हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला ते आवडायचं. फारच आवडायचं, हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मग एक नवी मुलगी पॅकिंगला लागली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, नववीतच शाळा सुटलेली. एक दिवस थर्माकोल घेऊन जाताना माझ्या टेबलाशी थांबली. मी नुकताच पास केलेला मॉनिटर समोर चालू होता, पडदाभर पांढरा रंग.

"यो गुलाबी हाय गो," ती म्हणाली.

"पांढरा आहे. मीच लावलाय."

"बाजूच्याला बघ ना. तो पांढरा. यो गुलाबी."

मी हसले. पण साहेबांनी ऐकलं होतं. आमचे साहेब म्हणजे गाळ्याचे मालकही आणि इंजिनीअरही. त्यांनी कपाटातलं रंग मोजायचं यंत्र काढलं, पडद्याला लावलं, आणि काटा तिच्या बाजूने गेला.

पुढच्या सोमवारी तिचं टेबल माझ्या टेबलाला लागलं. तिला शिकवायचं काम अर्थात माझ्याकडे. मी शिकवलंही. पेचकस कसा धरायचा, मागच्या छोट्या बोर्डावर लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे तीन स्क्रू कुठे असतात, ते केसभर फिरवले की पडद्याचा रंग कसा बदलतो, आणि काम झालं की स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाल लॅकरचा ठिपका कसा ठेवायचा. तिला मीटर वाचता यायचा नाही. लागायचाही नाही. ती मान जराशी कलती करायची, पडद्याकडे बघायची आणि सांगायची. चुकली असं एकदाही झालं नाही. मी वाट बघायचे त्याची.

मी एखादा मॉनिटर पास केला की साहेब विचारायचे, "तिला दाखवलास का?" दिवसातून पाच-सहा वेळा तरी. मी मॉनिटर उचलून तिच्या टेबलावर ठेवायचे.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "देवाने डोळे दिले, त्यात तिचं काय? तू शिकून मिळवलंयस." ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मला ते डोळेच हवे होते.

अशात एक गिऱ्हाईक आलं. डोंबिवलीचाच तरुण होता, स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर व्हिडिओ गेमचं पार्लर काढत होता. त्याची कल्पना आमच्यापैकी कुणीच कधी ऐकली नव्हती. लाकडी मोटार करायची, तिला खरं स्टिअरिंग लावायचं, आणि समोर एक नाही तर तीन मॉनिटर. मधल्यात रस्ता, डाव्यात डावी खिडकी, उजव्यात उजवी. तीन कम्प्युटर एकमेकांना जोडून एकच शर्यत तिन्ही पडद्यांवर चालवायची. ते त्याने जमवलं होतं. अडलं होतं वेगळंच.

"मार्केटमधून तीन वेगवेगळे घेतले," तो म्हणाला. "आता मधला रस्ता राखाडी, डावीकडे निळा आणि उजवीकडे पिवळा. एकच गाडी तीन गावांतून चाललीय असं वाटतं. मला तीन सारखे पाहिजेत. एकदम सारखे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आमच्याकडे एक मुलगी आहे," ते म्हणाले. "ती निवडून देईल."

मला मदतीला ठेवलं. मॉनिटर उचलायचे, लावायचे, नंबर लिहायचे. तयार मालातले तीसेक मॉनिटर तिने लांब टेबलावर एका रांगेत मांडून घेतले, खिडक्यांवर खाकी कागद लावायला सांगितला आणि सगळे चालू करून अर्धा तास नुसती बसून राहिली.

"आता काय झालं?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"गरम होऊ दे. थंड मॉनिटर खोटं बोलतो."

हे वाक्य माझं होतं. मीच तिला सांगितलेलं, याच शब्दांत. गिऱ्हाईक खूश होऊन हसलं आणि मी वहीत खाली बघितलं.

मग ती रांगेतून फिरायला लागली. हा तिथे ने, तो इथे आण. पांढरा लाव, आता राखाडी लाव, आता अगदी काळोखा राखाडी, कारण उजळ रंगात जुळणारे गडद रंगात वेगळे पडतात म्हणे. तिसाचे बारा झाले, बाराचे पाच. पाचातले तीन काढायला तिला तासभर लागला. शेवटी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मधल्या फटी सोडल्या तर एकच लांब पडदा आहे असं वाटत होतं. मलाही फरक दिसला नाही. तो तरुण म्हणाला, "ताई, तुमचे डोळे म्हणजे कमाल आहेत!" साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा घ्यायला सगळे बाहेरच्या पायरीवर गेले. मी आत राहिले. खरं सांगते, मनात काही ठरवलेलं नव्हतं. मी तिसऱ्या मॉनिटरचं मागचं झाकण काढलं, हिरव्याच्या स्क्रूवरचा ठिपका खरवडला आणि स्क्रू फिरवला. केसाहून थोडा जास्त. नवा ठिपका ठेवला. झाकण लावलं. बाहेर जाऊन चहा प्यायले. तो गोड लागला, हेही आठवतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला. मागे मॉनिटर, पुढे ड्रायव्हरजवळ साहेब, आणि मागे पेट्या धरून आम्ही दोघी. शीळफाट्यानंतर रस्ता असा काही होता की ती एका पेटीला मिठीच मारून बसली होती. "लेकराला न्यावं तसं चाललंय," ती हसत म्हणाली. मी दुसऱ्या बाजूला बघत होते.

पार्लरमध्ये लाकडी मोटार लाल रंगाने रंगवून तयार होती. तिन्ही मॉनिटर बसवले, चालू केले. शर्यत सुरू झाली. मधे राखाडी रस्ता, डावीकडे राखाडी, आणि उजव्या खिडकीत सगळं हिरवट, शेवाळ चढलेल्या टाकीसारखं.

मग तो तरुण म्हणाला, "साहेब, हे तर परत तेच."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. त्या एका नजरेसाठी मी हे केलं होतं. आणि ती नजर प्रत्यक्ष बघितल्यावर मला वाटला होता तसा आनंद झाला नाही. पण अजिबातच झाला नाही असंही नाही.

"यो असा नव्हता," ती म्हणाली.

साहेबांनी कारणं शोधली. रस्त्यातले धक्के. मग, मॉनिटरची दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे रंग बिघडतो, म्हणून त्यांनी चुंबकाचा दोष घालवणारी कॉइल पडद्यासमोरून फिरवली. काही फरक नाही.

"त्याने डाग पडतात, साहेब. यो अख्खा हिरवा हाय." मग ती माझ्याकडे वळली. "खोल गो जरा."

मी झाकण काढलं. ती वाकली. तीन स्क्रू, तीन लाल ठिपके. कुणालाही ते सारखेच दिसले असते. आठवड्यापूर्वी लॅकरची जुनी बाटली संपून नवी उघडलेली होती आणि तिचा लाल किंचित वेगळा होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती बराच वेळ मधल्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"स्क्रू सरकलाय," ती म्हणाली. "होईल नीट."

ती मोटारीसमोर जाऊन उभी राहिली. मी मागे पेचकस घेऊन. मला पडदा दिसत नव्हता, तिला माझा हात दिसत नव्हता.

"कमी कर. अजून. हळू गो. परत. थोडा उलटा. बस. हात काढ."

मी पुढे येऊन बघितलं. तीन पडदे, एक रस्ता. तो तरुण टाळ्या वाजवायला लागला.

परत येताना ती पुढे साहेबांजवळ बसली.

मला वाटलं होतं, शरम वाटली की मत्सर जातो. गेला नाही. उलट वाढला. आता तिच्याकडे डोळे होते आणि वर माझं गुपितही होतं, आणि ती ते कुणाला सांगत नव्हती. डबा खायला ती दुसरीकडे बसायला लागली. महिनाभर मी ते सोसलं. मग एका संध्याकाळी सुटल्यावर गेटबाहेर तिला गाठलं.

"ते मी केलेलं," मी म्हणाले.

"माहीत हाय."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुला काढली असती. मग सर्किट बंद पडलं की कोण बघणार, मी?" ती वाकून चपलेचा पट्टा लावत होती. मान वर करून म्हणाली, "आणि माफ केलेली नाय मी तुला. तसं समजू नको."

"नाही समजत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती परत शेजारी डबा खायला बसली. बोलायची बेताचं. बोंबलाची चटणी मात्र पुढे करायची.

पार्लर चाललं. शनिवारी पोरांची रांग जिन्यावरून खाली यायची म्हणे. काही महिन्यांनी त्या तरुणाने आणखी तीन मॉनिटर मागवले आणि ते बसवायला आम्ही दोघीच गेलो. काम झाल्यावर तो म्हणाला, "ताई, इतके मॉनिटर लावलेत, एकदा चालवून तरी बघा."

दोन मोटारी शेजारी शेजारी. आम्ही दोघी साड्या सावरत आत बसलो. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. शर्यत सुरू झाली. ती रस्त्याकडे बघतच नव्हती. "डावा जरा निळा वाटतोय काय गो?" असं म्हणेपर्यंत तिची गाडी भिंतीवर आदळलेली. मी दात ओठ खाऊन स्टिअरिंग धरलं होतं. दोनदा कठड्याला घासले, एकदा उलटी फिरले, पण शेवटची रेघ मी तिच्या आधी ओलांडली.

ती खळखळून हसली आणि उठून उभी राहिली. तिच्या लेखी तो पोरखेळ होता. मी मात्र बसूनच राहिले. मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पदराने घाम पुसत असल्याचं नाटक केलं.