लॉन्ड्रीतलं बदक

भिंगरीचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसतं 'धुलाई व इस्त्री' आणि खाली एका शर्टाचं चित्र. भिंगरी हे नाव पडलं ते त्याच्या पायांमुळे. हा माणूस एका जागी ठरतच नसे. इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभा असायचा, पण उभा म्हणजे काय, या पायावरून त्या पायावर. एक बाही झाली की दारात, दारातून नळाशी, नळावरून परत टेबलाशी. जेवायचा तोही ताट हातात धरून घरभर हिंडत. सिनेमा त्याने आयुष्यात सलग पाहिला नाही, मध्येच उठून बाहेर चक्कर मारायचा आणि परत आला की शेजारच्याला विचारायचा, "मेला का तो?" लग्नाच्या फोटोंची तर गंमतच होती. प्रत्येक फोटोत नवरी लख्ख आणि तिच्या शेजारी धुकं. बायको आल्यागेल्याला अल्बम उघडून दाखवायची, "आणि हे आमचे हे."

एकदा त्याच्या येरझारांत तिच्या हातातल्या चहाला धक्का लागला आणि कप फुटला. तिचा पारा चढला.

"एक तास! अहो, एक तास एका जागी बसून दाखवा. मी जन्मात तुम्हाला काही बोलणार नाही."

"त्यात काय मोठंसं?"

"मोठंसं? तुम्ही झोपेतसुद्धा चालता. पांघरूण बघा सकाळी, कुठल्या कुठे गेलेलं असतं."

हे बोलणं त्याला लागलं. आणि योग बघा, त्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर शर्ट न्यायला आले. हे मास्तर दिवसभर लोकांना गाडी शिकवायचे आणि मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचा वाद्यवृंद चालवायचे. ज्याला वाजवता येतं त्याने यावं, ज्याला येत नाही त्यानेही यावं, असा मामला. शर्टाची घडी काखेत मारून मास्तर कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडे एकदा माणूस वाजवायला बसला की दीड तास खुर्ची सोडत नाही."

भिंगरीच्या हातातली इस्त्री थांबली. दीड तास! पुढच्या मंगळवारी तो हजर.

तो हॉल म्हणजे एका गुरुजींची, एका खोलीची शाळाच होती. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी मुलं एकाच सतरंजीवर. पुढे एक फार्मसीवाली लहानपणापासून व्हायोलिन शिकलेली, तिचा हात लोण्यासारखा फिरायचा. तिच्या शेजारी एक सुतार, त्याला दोनच सूर यायचे, पण ते दोन आले की तो बरोबर हजर. मागे ट्रंपेटवाले. कोपऱ्यात ड्रमवर एक डेंटिस्ट, पेशंट खुर्चीतून पळाल्याचा राग काढावा तसा बडवायचा. मास्तरांचा नियम एकच. "जमेल तेवढं वाजवा. नाही जमलं तिथे फुंकू नका, नुसती बोटं फिरवा, पण रस्ता सोडू नका. पुढच्या चौकात पुन्हा भेटू."

कपाटातून त्यांनी भिंगरीला एक क्लॅरिनेट काढून दिलं. काळं, लांबुडकं, अंगभर चाव्या, तोंडाशी वेताची पातळ पट्टी बांधलेली.

"ओठ घट्ट. आणि क्लच हळूच सोडायचा बरं का."

भिंगरीने जन्मात काही हळू सोडलं नव्हतं. त्याने छाती भरून फुंकलं. बदकाच्या शेपटीवर कोणाचा पाय पडावा तसा आवाज निघाला, आणि तोही नेमके बाकी सगळे थांबलेले असताना. अख्ख्या हॉलने माना वळवल्या.

"कोणाची दाढ दुखतेय?" डेंटिस्टने विचारलं.

हशा पिकला. भिंगरीही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या. त्या दिवसापासून त्याने क्लॅरिनेटमध्ये फुंकर म्हणून घातली नाही. मास्तरांचा नियम होताच, नाही जमलं तिथे बोटं फिरवा. त्याने तो नियम सगळ्या धूनभर ताणला, इतकंच.

त्याला बसवलं होतं तिसऱ्या क्लॅरिनेटांत, म्हणजे क्लॅरिनेटातला सगळ्यांत सोपा भाग वाजवणाऱ्यांत. तिथे तिघं जण. पलीकडच्या टोकाला पोस्टमन, मध्ये शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, अलीकडे हा. हेडबाई अशा ताठ बसायच्या की पाठीला पट्टी लावलीय असं वाटावं. भिंगरीने पहिल्याच दिवशी ठरवलं, बाई पट्टीच्या वाजवणाऱ्या आहेत. त्यांची बोटं जिथे जातील तिथे आपली न्यायची. बोटं भराभर शिकली, त्यांना सवयच होती हलायची. अडचण बाकीच्या अंगाची. पाय उठायला बघायचे, गुडघे नाचायचे, आणि खाली घडीची लोखंडी खुर्ची करकरायची. मास्तर वाद्यवृंद थांबवून म्हणायचे, "बॉनेटखाली काहीतरी वाजतंय." मग भिंगरी दुकानातून एक जाड टॉवेल घेऊन जायला लागला. खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर स्वतः. पाय एकमेकांत अडकवायचे आणि उरलीसुरली सगळी वळवळ डोलण्यात घालवायची. डोळे मिटून असा डोलायचा की बघणाऱ्याला वाटावं, माणूस पार बुडालाय सुरांत.

घरी आणि दुकानात मात्र त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मास्तरांनी वर्षाच्या कार्यक्रमासाठी एक धून बसवली होती. तिच्या मध्यावर सगळे थांबतात आणि तिसरे क्लॅरिनेट एकटेच एक छोटीशी चाल वाजवतात. भिंगरी गिऱ्हाइकाच्या पॅंटची घडी घालता घालता सांगायचा, "ते मधलं आहे ना, सगळा हॉल चिडीचूप असतो, ते आमचं." गिऱ्हाइकं म्हणायची, वा. बायकोने तर कार्यक्रमाच्या रविवारसाठी निळी साडी काढून इस्त्रीला टाकली होती.

आणि कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी पोस्टमन आला तो गाल सुजवून. पुढचे दोन दात डेंटिस्टने काढले होते. क्लॅरिनेट धरायचं कशाने? तो बापडा श्रोता होऊन भिंतीशी बसला. तालीम सुरू झाली. धून मध्यावर आली, सगळे थांबले, मास्तरांनी हात तिसऱ्या क्लॅरिनेटांकडे केला.

शांतता. खालच्या वाचनालयात कोणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेवढं ऐकू आलं.

"सिग्नल हिरवा आहे, मंडळी," मास्तर म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा तिथपर्यंत आले. भिंगरीची बोटं झरझर चालली, बाईंचीही चालली. आवाज शून्य. भिंगरीने एक डोळा उघडून शेजारी पाहिलं. बाईंनीही तेवढ्यात एक डोळा उघडला होता.

"काय हो," मास्तर म्हणाले, "पोस्टमनबरोबर तुमचेही दात काढले की काय? राहू द्या, चाल ट्रंपेटला देतो."

"नको!" भिंगरी ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे कलंडली. "आमची आहे ती. रविवारी वाजवतो."

मास्तरांनी चहाची सुट्टी केली. भिंगरी हेडबाईंना जिन्यावर गाठायला धावला.

"बाई, तुम्ही का नाही वाजवलंत?"

"मी? तुम्ही का थांबलात?"

"मी कधी सुरू केलं होतं?"

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही इतके दिवस... अहो, पण तुम्ही केवढे डोलता!"

"ते बूड स्वस्थ बसत नाही म्हणून. आणि तुम्ही हो? केवढ्या ताठ बसता!"

"भीतीने!" बाई म्हणाल्या. "सगळी नोकरी मुलांना 'आवाज नको' म्हणण्यात गेली. आता माझाच आवाज निघणार म्हटलं की फुंकर आतच राहते. बोटं मी पोस्टमनची बघते."

"आणि मी तुमची."

तेवढ्यात पोस्टमन सुजल्या गालाने खाली आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "तरीच," तो बोबडं बोबडं म्हणाला. "मी घरी थांगायचो, आमचं तिघांचं इतकं जुळतं की एकच मानूस वाजवतोय असं वाततं."

बाई हसता हसता पायरीवर बसल्या. भिंगरी हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे रविवार होता, पहिल्या रांगेतली गिऱ्हाइकं होती, आणि निळी साडी.

त्या आठवड्यात भिंगरीचं कशात लक्ष लागेना. पाण्याचा फवारा मारायचा तो कपडा सोडून स्वतःच्या पोटावर मारायचा. वाद्यवृंदाचे सगळ्यांचे पांढरे शर्ट त्याच्याकडेच इस्त्रीला आले होते. ती चाल मनात घोळवत त्याने मास्तरांच्या शर्टाच्या बाहीवर इस्त्री ठेवली आणि दारात जाऊन आला. परत येतो तर बाहीवर इस्त्रीचा तपकिरी छाप, टोकासकट. त्याने शर्ट घडी करून सगळ्यांत खाली सरकवला आणि पुन्हा दारात गेला.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि बाईंची वाट बघायची. बाई भाजीच्या पिशवीत क्लॅरिनेट लपवून आणायच्या. दोघं कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसून फुंकायचे. पहिल्या दिवशी नुसती वाफ. दुसऱ्या दिवशी बाईंचा एक बारीक, कापरा सूर निघाला आणि त्यांनी स्वतःच दचकून "श्शू!" केलं. भिंगरीकडे मात्र बदकच. रस्त्यावरून कोणीतरी वाकून विचारलं, "आत काय पाळलंय हो?"

"एका जागी बसा," बाई ओरडल्या. "तुम्ही हलता, म्हणून ते ओठातून सुटतं."

"बसलोय की!"

"मांडी कुठे आहे तुमची? तीन जागी!"

बायको डबा घेऊन आली ती नेमकी त्याच वेळी. शटरखालून वाकून आत आली, दोघांना बघितलं, बदक ऐकलं. भिंगरीने क्लॅरिनेट चादरीखाली सारलं, पण तोवर उशीर झाला होता. बाई कधी खोटं बोललेल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत राहिली. मग डबा हळूच टेबलावर ठेवला.

"म्हणजे दर मंगळवारी तुम्ही तिथे काहीच केलं नाहीत?"

"नाही," भिंगरी खाली बघत म्हणाला.

"नुसते बसून होतात?"

"हो."

"दीड तास?"

"हो गं."

"एका जागी?" तिने बाईंकडे पाहिलं. "बाई, खरंच बसायचे हे?"

"टॉवेल घालून," बाई म्हणाल्या.

बायको एकदम खळखळून हसली. "अहो, मग तुम्ही जिंकलात की! मी काही बोलायची नाही आता. सोडून द्या ते बदक."

भिंगरी विचारात पडला. पैज तर तोच पार विसरून गेला होता. सोडून द्यायला हरकत काय होती? ट्रंपेटने वाजवली असती चाल, सुरेख वाजवली असती. गिऱ्हाइकांना कोण वाजवतंय ते कळलंही नसतं. त्याने चादरीखालून क्लॅरिनेट काढलं, ओठ घट्ट केले. "नाही," तो म्हणाला. "एकदा तरी माझं वाजू दे."

रविवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. मास्तर उभे राहिले ते दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून, आणि भिंगरीने मान खाली घातली. धून सुरू झाली. पाय एकमेकांत, टॉवेल खाली, पण आज डोलणं बंद होतं. सगळं अंग ओठांशी गोळा झालं होतं. सुताराचे दोन सूर येऊन गेले. डेंटिस्ट बडवून थांबला. सगळे थांबले. मास्तरांनी दुमडलेली बाही तिसऱ्या क्लॅरिनेटांकडे केली आणि ओठांनीच म्हणाले, हळूच.

बाईंचा कापरा सूर निघाला. भिंगरीने फुंकलं. निघाला! जाडाभरडा, पण सूर. बाई पुढे, हा अर्धं पाऊल मागे, अशी चाल पायऱ्या उतरत गेली. शेवटच्या सुरापाशी डावा पाय सुटला, खुर्ची करकरली, आणि बदक निघालं. चांगलं लांबलचक.

"लॉन्ड्रीतलं ते हेच!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा उठला. निळी साडी गर्रकन वळली आणि तिने असं काही बघितलं की मागचा हशा तिथेच मिटला. पोस्टमन बोळक्या तोंडाने टाळ्या पिटत होता. पुढे धून पुन्हा सगळ्यांची झाली, आणि भिंगरी फुंकतच राहिला. येतील ते सूर घेतले, बाकीचे सोडले.

घरी आल्यावर तो बसेल तर शपथ. स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून स्वयंपाकघरात.

"ऐकू आलं का गं मागपर्यंत?"

"आलं."

"बाईंचं आलं असेल. माझं कुठे कळणार."

"शेवटचं तुमचं होतं."

"कशावरून?"

"खुर्ची आधी वाजली ना," ती म्हणाली. "शंभर जणांत ओळखीन."

भिंगरी दारात थांबला. चांगला दोन घोट चहा होईतो थांबला. मग खिडकीशी जाऊन आला आणि पुन्हा विचारलं, "पण शेवटचं ना? नक्की माझंच?"