लंडन ते मुंबई दहा तास, मुंबई ते कोल्हार बारा

लंडनचं विमान सकाळी साडेसहाला सांताक्रूझला उतरलं. साडेचार हजार मैल, मधला थांबा धरून दहा तास. इथवर माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही.

कोल्हारला दुपारी बाराला माझ्या भाचीचं बारसं होतं. मी तिची एकुलती एक आत्या. कानात नाव मीच सांगायचं. त्यासाठी लंडनच्या इस्पितळातून, मेट्रनच्या हातापाया पडून रजा काढलेली. धाकट्या भावानं, अशोकनं, विमान सुटायच्या वेळेत दहा तास मिळवले आणि पहाटे एकलाच मी मुंबईत उतरणार असं ठरवून टाकलं. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, हे शाळामास्तर असून त्याच्या ध्यानात आलं नाही! वर पत्रात लिहितो, 'पुढे दीडशेच मैल. न्याहारीला येशीलच.' पत्र मी निघायच्या दिवशी हातात पडलं. लगेच तार केली. ती माझ्यानंतर दोन दिवसांनी पोचली.

नाशिकची एस.टी. कसारा घाटात तापून उभी राहिली. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते. शेवटी कंडक्टर माझी नजर चुकवायला लागला. नाशिकला पोटात कावळे ओरडत होते म्हणून मिसळ मागवली, तेवढ्यात संगमनेरची गाडी डोळ्यांदेखत गेली. मिसळ झणझणीत होती, म्हणून डोळ्यांतलं पाणी खपून गेलं.

संगमनेरहून पुढे लोणी गाव ओलांडलं आणि हिरवागार ऊस दिसू लागला. एरवी मला भरून आलं असतं. पण तोच ऊस गाड्यांत लादून कारखान्याकडे निघाला होता, आणि एक बैलगाडी भर रस्त्यात आडवी झालेली. बैल वाढं (उसाचे हिरवे शेंडे) चघळत निवांत. मी खाली उतरून गाडीवानावर ओरडले, "लंडनहून दहा तासांत आले मी! आणि सकाळपासून कोल्हार काही येत नाही!"

"मंग इमान सरळ हितंच आनायचं हुतं की," तो म्हणाला. "चाक मोडलंय बाई. आमी काय हौसेनं बसलोय व्हय?"

उरलेले दोन मैल बॅग उचलून चालत गेले. दिवस मावळताना घर आलं. जेवणं उरकून पाहुणे गेले होते.

"आक्का, तीनपर्यंत थांबलो गं," अशोक मान खाली घालून म्हणाला. शेजारच्या सखूबाईंना आत्या करून नाव ठेवून झालं होतं. मी उंबऱ्यापाशी बसून रडले.

सखूबाई अजून पाळण्याजवळच होत्या. म्हणाल्या, "उजव्या कानात म्या सांगितलं. डावा तुमच्यासाठी ठिवलाय. उठा, तोंड धुवा."

मी वाकले. नाव नीट सांगितलं. भाचीनं मोठी जांभई दिली.

आठ दिवसांनी परत सांताक्रूझला आले, तोवर भाची माझ्या मांडीवर झोपायला शिकली होती. आज तरी उशीर होईल म्हणून मी फलकाकडे बघत बसले. विमान अगदी ठरल्या मिनिटाला सुटलं. कोल्हारच्या वाटेवर आला नव्हता इतका संताप मला तेव्हा आला.